परक्या घरचा मसाला

चैत्र संपत आला की आमच्या खोलीत कुणाला धड श्वास घेता येत नसे. मिरच्या गच्चीवर वाळत, पण त्यांची देठं खोलीत बसून खुडली जात. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर हे सगळं आई तिथल्याच शेगडीवर एकेक करून भाजायची. शेजारीपाजारी शिंकत, पण तक्रार कुणी करत नसे, कारण चार दिवसांनी त्यांच्या घरातून तोच खकाणा आमच्याकडे येणार असे. आई परळला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे चाळीतली आमची एक खोली आणि दारापुढचा गॅलरीचा तुकडा. वडील गेल्यावर तिने ती सुरू केली. मालवणकडचे गिरणी कामगार, ज्यांची बायकामुलं गावी होती, ते आमच्याकडे दोन्ही वेळा जेवत. पाळी सुटली की जिन्यावर पायांचा धबधबा सुरू व्हायचा आणि आई तव्यावरून मान वर न करता कोण आलं ते पायांच्या आवाजावरून सांगायची.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि माझ्या पायाला भिंगरी होती. खानावळीचा बाजारहाट माझ्याकडे, त्यामुळे घराबाहेर पडायला मला कधी कारण शोधावं लागलं नाही. भाजी दादरला स्वस्त, सोलं, म्हणजे आमसुलं, आणि सुके बोंबील लालबागला, केळीची पानं आणखी कुठे. पिशवी खांद्याला अडकवली की मी निघाले. मंडईत गेलं की माझं मन थाऱ्यावर येई. घरी बसलं की उगीच चिडचिड होई. शहरही तसंच झालं होतं. भिंतींवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे चुन्याने रंगवलेलं, आज इथे सभा, उद्या तिथे हरताळ, मध्येच दुकानांच्या फळ्या धडाधड पडायच्या आणि तासाभराने पुन्हा उघडायच्या. कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. आज माझी नात मला विचारते, आजी, तुला भीती नाही वाटायची? वाटायची की. पण घरात बसायची त्याहून जास्त वाटायची.

मसाला कुटायला आई मला घेऊन लालबागला जायची. तिथे एका गल्लीत ओळीने डंक होते, म्हणजे कुटायची यंत्रं. लोखंडी मुसळं वर जायची आणि धाडकन खाली यायची. एकेका डंकापाशी एकेक बाई आपल्या मिरच्यांवर नजर ठेवून बसलेली असे. नजर हलली की दुसरीचा मसाला आपल्यात मिसळलाच म्हणून समजा, आणि वर्षभराच्या मसाल्याला दुसऱ्या घराचा वास लागणं म्हणजे आमच्याकडे केवढी तरी नामुष्की. कुटून झालेला मसाला तेलाच्या रिकाम्या चौकोनी डब्यांत भरत. सगळे डबे एकसारखे, म्हणून जी ती आपल्या डब्याच्या कडीला खुणेची चिंधी बांधायची. आईची चिंधी निळ्या काठाची होती. त्या वर्षी एका गिरणीने कामगारांना स्वस्तात दिलेल्या कापडाचा तो तुकडा होता, आमच्या एका जेवणकऱ्याने दिलेला. असा तुकडा गिरणगावातल्या अर्ध्या घरांत असणार, हे एवढ्या हुशार बाईच्या डोक्यात आलं नाही.

आमचा डबा भरून होतोय तोच नाक्यावरून मोर्चा आला आणि त्याच्या मागून पोलिसांच्या गाड्या. मिरचीच्या धुळीने आमचे डोळे आधीच वाहत होते, त्यामुळे अश्रुधुराचं नळकांडं फुटलंय हे त्या गल्लीला सगळ्यांत शेवटी कळलं. मग एकच पळापळ झाली. डंकवाल्याने पट्टा ओढून यंत्र बंद केलं आणि फळ्या लावायला घेतल्या. बायका डबे उचलून वाट फुटेल तिकडे सुटल्या. आईने निळी चिंधी बघितली, डबा डोक्यावर घेतला, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि आम्ही परळपर्यंत धावत आलो. घरी आल्यावर तिने डबा माळ्यावर ठेवला. गेल्या वर्षीचा मसाला अजून शिल्लक होता, तो संपेपर्यंत नवा उघडायचा नाही असा तिचा शिरस्ता.

तो उघडला पावसाळा सुरू झाल्यावर. झाकण निघालं आणि आईने वाकून वास घेतला. मग चिमूटभर मसाला तिने जिभेवर ठेवला.

“ह्येत लसूण आसा,” ती म्हणाली. “ह्यो मसालो माजो न्हय.”

मी पण चाखला. लसूण होता, सुकं खोबरं होतं, तीळ होते. वाईट मुळीच नव्हता, खरं सांगायचं तर झकास होता, पण तो घाटावरचा मसाला होता. आमची तिरफळं घातलेली माशांची आमटी त्याच्यात पार गोंधळून गेली असती. दुसऱ्या दिवशी आम्ही लालबागला धावलो तर डंकवाला गावी गेलेला. त्याच्या भावाला विचारलं, त्या दिवशी आमच्या शेजारी कोण बाई होती? तो म्हणाला, बाई, त्या दिवशी माझा भाऊ कुठे होता तेच मला माहीत नाही, तुमच्या शेजारची बाई कुठून सांगू? नव्याने मिरच्या घ्याव्यात तर बाजारात उरलेला माल सादळलेला आणि महाग. तोच मसाला वापरण्यावाचून इलाज नव्हता. आई तो कमी घालून, खोबरं जास्त वाटून काहीबाही करू लागली.

जेवणकरी चार दिवस गप्प जेवले. मग तातू, जो त्यांच्यातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत तोंडाळ, भाताचा गोळा ताटात फिरवत म्हणाला, “वैनी, आमी कोल्हापुराक इलंव काय?” सगळे हसले. आईही हसली, पण त्या रात्री ती नीट जेवली नाही. श्रावण आला तेव्हा जरा निभावलं, कारण त्या महिन्यात पुष्कळांचं खाणं सात्त्विक. गणपती झाले आणि पुन्हा मासे सुरू झाल्यावर मात्र माणसं गळू लागली. कुणी सांगून गेलं, कुणी न सांगता. समोरच्या चाळीत एका वेंगुर्ल्याच्या बाईने खानावळ काढली होती, तिच्या जिन्यावर आमच्या माणसांचे पाय वाजू लागले. त्यांना दोष कसा देणार? दिवसभर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभं राहिल्यावर माणसाला घरचं जेवण लागतं, आणि त्यांच्या घराची चव आईच्या त्या डब्यात होती. त्यातच मामाचा निरोप आला, की एवढा जिवाचा आटापिटा कशाला, दोघी गावी या, मुलीसाठी कणकवलीला स्थळ बघून ठेवलंय. आई म्हणाली, दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर जाऊ. हे ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मॅट्रिक राहिली, मुंबई राहिली, आणि मी कणकवलीला कुणाच्या तरी पडवीत बसून आयुष्य काढणार!

मग मी विचार करायला लागले. आमच्याकडे आलेला डबा काठोकाठ भरलेला होता. एवढा मसाला घरगुती बाई करत नाही. जिने आमचा डबा नेला तीही खायला घालण्याचाच धंदा करत असणार, खानावळ नाहीतर टपरी. म्हणजे आमचा मसाला या शहरात कुठेतरी रोज शिजत होता आणि लोक तो पैसे देऊन खात होते. तो जिभेने शोधता आला असता. मी आईला म्हटलं, मी शोधून काढते. एरवी बाहेरचं खाल्लं म्हणून जिने माझी पाठ मऊ केली असती, त्याच आईने कनवटीची पुरचुंडी सोडली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत अस्वस्थ आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांत सुखाचे. शाळा सुटली की मी निघायची. परळच्या नाक्यावर उसळ खाल्ली, तिच्यात नुसतं तिखट. दादरला मंडईच्या मागे एकजण मिसळ द्यायचा, तिचा कट एवढा लाल की मला वाटलं सापडला. एक घोट घेतला आणि ठसका लागून शेजारच्या सद्गृहस्थाच्या धोतरावर शिंतोडे उडवले. गिरगावात ट्रामने गेले. तिथल्या खानावळींत बायकांनी एकटीने जेवायला बसायची रीत नव्हती, म्हणून मी ‘वडिलांसाठी डबा’ असं सांगून रस्सा बांधून घ्यायची आणि चौपाटीवर वाळूत बसून बोटाने चाखायची. एकदा तिथे सभा होती. माणसांचा समुद्र, आणि त्याच्या कडेने चणेवाले, शेंगदाणेवाले, भेळवाले. टाळ्या पडल्या की विक्री थांबायची, टाळ्या थांबल्या की पुन्हा सुरू. भाषण काय झालं ते मला आठवत नाही, त्या भेळेतली कैरी आठवते. रोज संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, आणि मी काय काय खाल्लं ते सांगायची.

“बटाट्याच्या वड्यात माजो मसालो खंयसून येतलो?” तिने एकदा मला पकडलंच. बटाटेवडा हा तपासाचा भाग नव्हता हे मला कबूल करावं लागलं.

दसरा जवळ येत चालला. माझी जीभ थकली होती आणि पोट बिघडलं होतं. झोपेतसुद्धा मला डंकांचा आवाज ऐकू यायचा. एका दुपारी आईने शिवडीला सुकट आणायला पाठवलं. गोदामांच्या बाजूने चालत होते. कोळशाची धूळ, खाऱ्या चिखलाचा वास, हमालांच्या हातगाड्या. आणि अचानक त्या सगळ्यातून एक वास आला. गरम तेलात मसाला पडला की येतो तो, पण नुसता मसाल्याचा नव्हे. आमच्या खोलीचा. मी तिथल्या तिथे थांबले आणि मग जवळजवळ पळतच त्या वासाच्या मागे गेले.

पत्र्याच्या आडोशाला एक बाई बांगडे तळत होती. आईच्याच वयाची, काळीसावळी, हात भराभर चालणारे. पुढे फळीवर हमाल भाकरी आणि बांगडा खात बसलेले. मी फळीच्या टोकाला बसले. तिने न विचारता ताटली पुढे केली. पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“रडतीस कशापायी? तिखट लागलं व्हय?” ती म्हणाली.

“हा मसाला माझ्या आईचा आहे,” मी म्हटलं.

तिने झारा खाली ठेवला. “खानावळवाली? निळ्या चिंधीची?” मी मान हलवली. “मला दुसऱ्याच दिशी कळलं हुतं, पोरी. आता आलीस व्हय?”

तिचं नाव अनुसयाबाई. मूळची साताऱ्याकडची, नवरा आईच्या जेवणकऱ्यांच्याच गिरणीत रिंगखात्यात. निळ्या काठाचं कापड तिलाही तिथूनच मिळालेलं. दुसऱ्याच दिवशी तिने डबा उघडला आणि डंकवाल्याला गाठलं. तो तेव्हा अजून गावी गेला नव्हता. त्याने आमची चाळ सांगितली. मग ती डबा डोक्यावर घेऊन आमच्याकडे आली होती.

“आमच्याकडे? कधी?” मी विचारलं.

“नळावर एक बाई हुती. इचारलं तिनं, कुठनं आला, कोन तुमी. म्हनलं, आम्ही बौद्ध. तर म्हनली, जिना चढू नका, हितंच थांबा, मी सांगते तिला. थांबले. ऊन पार डोक्यावर आलं. कोनबी आलं न्हाई. मग म्हनलं जाऊ दे, मसाला तर चांगला हाय.” असं म्हणून ती हसली आणि तिने बांगडा उलटला.

मला तो हसण्याचा आवाज अजून ऐकू येतो. मी गेले कित्येक दिवस मुंबईभर हिंडत होते. ज्या दारात शिरावंसं वाटलं त्या दारात शिरत होते, जे दिसेल ते चाखत होते, आणि ही बाई आमचीच वस्तू आम्हाला द्यायला आली तर तिला आमचा जिना चढता आला नव्हता. ज्या नळावर मी रोज कळशी भरायची, त्याच नळावर. मला कुठे तोंड लपवू असं झालं. कोण होती ती बाई, असं मी विचारलं, तर अनुसयाबाई म्हणाली, नाव कशाला पायजे, खा तू.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. नळाचंही सांगितलं. आईने तवा खाली उतरवला. मग म्हणाली, “तू थंय जेवलंस?”

“जेवले. दोन बांगडे.”

सकाळी उठून तिने लसणीच्या मसाल्याचा डबा खाली काढला, पुसला, आणि धुतलेलं लुगडं नेसली. मी म्हटलं मी एकटी जाते, तर म्हणाली, नको, ती बाई डोक्यावर घेऊन इल्ली, मी पण तशीच नेतलंय. मला आईचा एवढा अभिमान वाटला की शिवडीपर्यंत मी तिच्यापुढे नाचतच गेले.

दोघींनी डबे बदलले. दोन्हीतला मसाला बराचसा संपला होता. दोघींनी एकमेकींना असू दे, असू दे म्हटलं. आईने तिला सांगितलं, “नळावरच्या बायांचं मनावर घेऊ नका. मला कुणी सांगितलंच नाही.” अनुसयाबाई म्हणाली, “आवं, तुमी चालत आलासा, झालं की.” मग दोघी मसाल्यावर बोलायला लागल्या. दगडफूल किती, नागकेशर कधी भाजायचं, लसूण वाळवून घालायचा की तसाच. दोन बायका इतक्या मन लावून बोलताना मी फार थोड्या वेळा पाहिल्या आहेत. बोलता बोलता अनुसयाबाईने दोन ताटल्या भरल्या. गरम भाकरी, वर बांगडा, बाजूला कांदा. एक माझ्यापुढे ठेवली आणि एक आईपुढे.

आई म्हणाली, “मी नाही खात. आज माझा वार आहे.”

त्या दिवशी बुधवार होता. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळत. बुधवार हा आमच्या खानावळीतला माशांचा सगळ्यांत मोठा दिवस, आणि गिरणगावात कुणाचा वार कधी असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अनुसयाबाईने आईकडे बघितलं. फार वेळ नाही. “हो का? मग असू दे,” म्हणाली आणि तिने त्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली.

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. मसाला आईचा होता. आपल्याच हाताने भाजलेला मसाला तिने परत घेतला, तो तिला चालला. त्यात घोळवलेला मासा चालला नाही. मी माझी ताटली साफ केली आणि मग आईच्या देखत ती झाकलेली ताटलीही ओढली आणि तिच्यातला बांगडा काट्यांसकट चावून खाल्ला. आई डब्याच्या कडीशी चाळा करत बसून राहिली. आज मी तिच्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे, तेव्हा मला दिसतं की तिच्या डोक्यात तातू असेल, समोरची वेंगुर्लेकरीण असेल, खानावळवाली तिथे जेवली हे कळलं तर उरलेली माणसंही जातील हा हिशेब असेल. किंवा तसलं काही नसेलही, लहानपणापासून अंगात मुरलेलं तेच तोंडातून आलं असेल. मी तिला कधी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर मात्र मी म्हटलं, “आज बुधवार आहे.”

“माका वार शिकव नको,” ती म्हणाली आणि झपझप पुढे गेली.

त्या संध्याकाळी खानावळीत बांगड्याचं तिखलं झालं. तातूने पहिला भुरका मारला आणि डोळे मिटले. “वैनी, जेवाण घराक इला गो!” दोन दिवसांत समोर गेलेली माणसंही परत फिरली, लाजत लाजत. दसरा आला आणि गेला, मामाला नकार कळवला, मी मॅट्रिक झाले, याच शहरात नोकरी केली आणि याच शहरात म्हातारी झाले. हे सगळं त्या डब्यामुळे. पण त्या पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना वाढून झाल्यावर मी आईचं ताट घेतलं तर तिने ते सरकवलं.

“वार आसा म्हणून सांगलंय मा मी,” ती म्हणाली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

पुढच्या बुधवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे दोन दिवस लागोपाठ. तातू चेष्टा करायचा, की वैनी, देवांनी पाळ्या लावल्या काय तुमच्यार? ती त्याला आणखी भात वाढायची. मी शिवडीला जात राहिले. आई माझ्याबरोबर सोलं पाठवायची, नारळ पाठवायची, स्वतः कधी आली नाही. अनुसयाबाई दर वेळी विचारायची, “आईचा बुधवार चालूच हाय व्हय?” मी हो म्हटलं की ती मान हलवायची आणि म्हणायची, “बुधवार सोडून कंच्याबी वारी या म्हनावं.” मी निरोप सांगायची. आई ऐकून घ्यायची.

शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी तिला सांगितलं, उपासतापास बंद, मासे खा. एका बुधवारी मी मुद्दाम बांगडा तळला आणि तिच्यापुढे भाकरी कुस्करून ठेवली. म्हटलं, आता पुरे झालं, देवाने ते खोटं केव्हाच माफ केलं असेल. तिने ताटाकडे बघितलं.

“देवाचो काय संबंध?” ती म्हणाली. आणि मग भिंतीकडे तोंड करून, “माका खूप भूक लागलली गो त्या दिसा शिवडीक.”

तिने ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, त्यामुळे तो बांगडा तसाच राहिला.